अकरा गावांचा गाणारा

कंपन्यांना तो त्यांच्या नावानं ओळखतच नसे. चाकणच्या पट्ट्यात गेटागेटावर परदेशी नावांच्या चकचकीत पाट्या आहेत, तीन-तीन झेंडे आहेत, हिरवळ आहे. त्याच्या लेखी तिथे अजून शेतंच होती. एक कंपनी म्हणजे चिंचेची पट्टी, दुसरी म्हणजे खालचा मळा, तिसरी म्हणजे आंधळ्या विहिरीचं रान. "परवा खालच्या मळ्यात हुतो, काल चिंचंच्या पट्टीत गायलो, आज हितं," असं तो सांगायचा. हितं म्हणजे गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणारी एक कंपनी, जिच्या गेटसमोर मी कामगार संघटनेची पत्रकं घेऊन उभी असायचे. तिचं त्याच्याकडचं नाव होतं दगडाचं वावर. हळूहळू कामगारांच्या तोंडीही ही नावं बसली. बिहारहून येऊन आठच दिवस झालेला माणूस फोनवर घरी सांगताना मी ऐकला आहे, "चिंच पट्टी में लगा हूँ, बी शिफ्ट."

त्याचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे आलेलं त्याला आवडणार नाही. लोक त्याला किंगरी म्हणत, त्याच्या वाद्यावरून. नारळाच्या कवटीला काठी बसवून केलेली ती किंगरी त्याच्या आजोबांची होती. तार मात्र दुचाकीच्या क्लच वायरमधून सोडवून घेतलेली. वय बावीस-तेवीस, मान उंच, अंगात कुणाचा तरी जुना निळा कंपनीचा शर्ट, खांद्यावर भगवं फडकं, आणि पायात दोन नंबर मोठे सेफ्टी शूज. चालताना ते शूज असे वाजायचे की तो येण्याआधी त्याचं येणं कळायचं.

त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या भैरवनाथाच्या नावानं किंगरी वाजवत फिरणारं. अशा घरांनी आपसांत गावं वाटून घेतलेली असत. याच्या आजोबांच्या वाट्याला चाकणच्या आसपासची अकरा गावं होती. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन गायचं आणि सूपभर धान्य घ्यायचं, हा त्यांचा हक्क. मग जमिनी गेल्या. खळी गेली. बापानं किंगरी खुंटीला टांगली आणि तो वॉचमन झाला. हा अठराव्या वर्षी उठला आणि फेरीला लागला. मी एकदा विचारलं, आता कुणाकडे जातोस, शेतकरी तर राहिले नाहीत. त्यावर तो म्हणाला, "जमीन इकली त्यांनी. फेरी कुनी इकलीय?"

म्हणून तो गेटवर यायचा. एका दिवसाला एक गाव, त्या गावच्या रानात उभ्या असलेल्या कंपन्या, आणि अकराव्या दिवशी आमचं दगडाचं वावर. मग पुन्हा पहिल्यापासून. बस नाही, शेअर रिक्षा नाही, कुणाच्या गाडीमागे बसणं नाही. आमच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले मामा बीडचे, कडक शिस्तीचे. पहिल्यांदा आला तेव्हा याने त्यांना गंभीरपणे सांगितलं, हितं खळं हुतं, आमचं सूपभर लागतं. मामांनी तितक्याच गंभीरपणे व्हिजिटरचं रजिस्टर पुढे ओढलं. नाव लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात लिहिलं, खळ्याला. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, धान्य. मग म्हणाले, "खळं सध्या मीटिंगमध्ये आहे. बस तिकडं लिंबाखाली." तेव्हापासून ती लिंबाखालची जागा त्याची.

धान्य तर कुणी देणार नव्हतं. पण दुपारी अडीचला दुसऱ्या पाळीच्या बाया त्या लिंबाखाली बसून जेवायच्या आणि तीनला आत जायच्या. सगळ्या कंत्राटी. आत त्यांना कँटीन नव्हतं. कायम कामगारांना होतं. त्याच मशीनवर, तेच काम करणाऱ्यांना. या विषयावर मी पुष्कळ लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. त्या बायांनी पहिल्या दिवशी याला भाकरी दिली आणि तिथून त्याची रीत सुरू झाली.

रीत अशी की, तो ज्याच्या डब्यातलं खाईल त्याचीच गोष्ट गाईल. खाल्ल्याशिवाय कुणाचं गाणं नाही. गाणं सुरू होणार त्या माणसाच्या डब्यातल्या पदार्थानं. तीच त्या माणसाची सही. पुढे त्याचं नाव, मग त्याची हकिकत. आणि ते गाणं त्या माणसाच्या गेटवर कधीच म्हणायचं नाही. दगडाच्या वावरातलं गाणं चिंचेच्या पट्टीत, चिंचेच्या पट्टीतलं खालच्या मळ्यात. त्यामुळे कुठल्या कंपनीत कुणाचं बोट गेलं, कुणी सुपरवायझरला चारचौघांत काय सुनावलं, कुणाची पोरगी दहावीला पहिली आली, हे आम्हाला आमच्या लिंबाखाली बसून कळायचं. आपलंही काहीतरी लांब कुठल्यातरी गेटवर गायलं जातंय, एवढं बायांना माहीत असायचं. त्या बघायला जाऊ शकत नव्हत्या. पण आपलं ऐकलं जातंय या कल्पनेनंच त्या ताठ बसायच्या.

कुणी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं की तो थांबायचा. "तार उतरलीय," म्हणायचा आणि खुंटी पिळत बसायचा. मोबाइल खिशात गेला की तार चढायची. त्याच्याकडेही फोन होता, झोळीत, कायम बंद. अमावास्येला तेवढा चालू करून आईशी बोलायचा. चालू का ठेवत नाहीस असं मी विचारलं, तर म्हणाला, "समद्या बातम्या फोनवर आल्या तर मी चालायचं कशापायी?"

मी त्याच्या अगदी उलट. माझे वडील भोसरीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या एका खोलीत पत्रकांचे गठ्ठे भिंतीला लावलेले असत. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं ते म्हणायचे, आणि मी तसंच मानत आले. पिंपरीत एका छापखान्यात मी अक्षरजुळणीचं काम करते, सकाळची पाळी. दुपारी पत्रकं घेऊन चाकणला. मला त्याची गाणी वाया जाताना दिसायची. एवढा पुरावा आणि सगळा हवेत.

मी त्याला आमच्या सोळा मागण्यांचं गाणं करायला सांगितलं. त्यानं शांतपणे सोळाच्या सोळा ऐकून घेतल्या. मग विचारलं, "ह्यात जेवलं कोन?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"मंजी ह्यातल्या कुनाच्या हातचं खाल्लंय तू? त्ये सांग, तिथनं धरतो."

मी चिडले. म्हटलं, हे सगळ्यांचं आहे, कुणा एकाचं नाही. तो म्हणाला, मग त्याला चव नाही, ताई. आमचं अनेकदा असंच भांडण व्हायचं आणि बाया डबे धूत मजा बघायच्या.

त्याच भांडणात एकदा मी त्याला इंग्लंडातल्या पोराची गोष्ट सांगितली. महापालिकेच्या वाचनालयात जगाच्या इतिहासाचा एक जाडजूड खंड होता, त्यात वाचलेलं. सहा-सातशे वर्षांपूर्वी तिकडे त्याच्यासारखेच तरुण गढ्यागढ्यांतून गात फिरायचे. एखादा सरदार खूश झाला की आपल्या रंगाचा कोट द्यायचा. कोट असेल तर तो सरदाराचा माणूस, कुठेही जेवण मिळायचं. कोट नसेल तर भटक्या, त्याला गावाबाहेर हाकलायचे, खोड्यात अडकवायचे. माझा मुद्दा हा होता की मालकाचा कोट घातल्यावर गाणं मालकाचं होतं. त्याला मुद्द्यात रस नव्हता.

"तिकडं कुत्री चावायची का?" त्यानं विचारलं.

चावत असणार, मी म्हटलं.

"आन डब्यात काय आसायचं त्याच्या?"

पुस्तकात नव्हतं. मी ठोकून दिलं, जवाची भाकरी आणि कांदा. तो मान डोलवत राहिला. अकरा दिवसांनी आला आणि बसता बसताच म्हणाला, "मंग? त्या पोराचं काय झालं फुडं?"

माझ्याकडे पुढचं काही नव्हतं. पण तो इतक्या आतुरतेनं बघत होता की मी रचायला लागले. दर फेरीला थोडं. पोरगा थंडीत नदी ओलांडतो. त्याची तार तुटते, तो मेंढ्यांच्या आतड्याची नवी तार लावतो. हे पुस्तकात होतं. जत्रेत दुसरा गाणारा त्याला फसवतो. एका गढीवर पोचतो तर सरदार आदल्याच दिवशी मेलेला, आणि दुःखाच्या घरी गाणं म्हणावं की नाही हे त्याला समजत नाही. यावर त्यानं किंगरी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, "बाहीर बसून ऱ्हायाचं. गायचं न्हाई. पर जायचंबी न्हाई." जणू माझ्यामार्फत त्या पोराला निरोप पाठवत होता.

पुढे मला चिंचेच्या पट्टीतल्या एकानं सांगितलं की किंगरी हल्ली इंग्लंडातल्या कुणाचं तरी गाणं म्हणतो, जवाची भाकर आणि कांद्याची फोड असं सुरू होतं. मी त्याला गाठलं. म्हटलं, तू तर खाल्ल्याशिवाय गात नाहीस. "तू खाल्लं आसशील की त्याच्या हातचं," तो म्हणाला, "त्याबिगर का इतकं सांगती?" मला खरं बोलता आलं नाही.

त्याच सुमारास खालच्या मळ्यातल्या एका एच.आर. साहेबांना तो आवडला. सेफ्टी वीकमध्ये त्याला हेल्मेटवर, हातमोज्यांवर गाणी म्हणायला बोलावलं आणि पाठीवर कंपनीचं नाव असलेलं नारिंगी जॅकेट दिलं. तो ते घेऊन माझ्याकडे आला. "त्यो कोट ह्योच का?" मी म्हटलं, हाच, फेकून दे. त्यानं जॅकेट चाचपून पाहिलं. "ऊब चांगलीय," म्हणाला, आणि उलटं करून घातलं, नाव आत, अस्तर बाहेर. कार्यक्रमाला तसाच गेला. स्टेजवर त्यानं शेजारच्या कंपनीतल्या एका प्रेसमशीनवाल्याचं गाणं म्हटलं, मेथीच्या पराठ्यानं सुरू होणारं, ज्याची दोन बोटं सेन्सर बंद ठेवून काम करून घेतल्यामुळे गेली होती. साहेबांनी पहिल्या चार ओळी टाळ्यांचा ठेका धरला होता म्हणे. पुन्हा बोलावणं आलं नाही. जॅकेटही कुणी परत मागितलं नाही.

आता मी जे केलं ते.

आमच्या गेटवर सविता नावाची बाई होती, जालन्याकडची, मोल्डिंगच्या लाइनवर. नवरा भोसरीत शेअर रिक्षा चालवतो. सविता हे नाव मी बदललं आहे आणि पुढे तिच्या डब्यातली भाजी येईल, तीही बदलली आहे. का, ते लगेच कळेल. त्या लाइनवर साठ बाया आणि बाथरूमला जायचा एकच बिल्ला. प्लास्टिकचा, लाल. लाइनवरच्या सुपरवायझरबाईंच्या टेबलावर टांगलेला. तो टांगलेला असेल तरच जायचं. महिनोन्‌महिने बाया पाणी न पिता काम करत होत्या. एक दिवस बिल्ला सविताच्या हातात होता. परत येताना ती खराब माल दळायच्या ग्राइंडरपाशी थांबली आणि बिल्ला आत टाकला. दळलेलं प्लास्टिक पुन्हा मशीनमध्ये जातं, त्याचे नवे भाग होतात. नवा बिल्ला यायला दीड दिवस लागला. तो दीड दिवस साठ बाया मनाला येईल तेव्हा गेल्या. कुणी केलं, हे साठ जणींना माहीत होतं. एकीनं तोंड उघडलं नाही.

सवितानं त्याला जेवू घातलं आणि सांगितलं. मी ते गाणं ऐकलं खालच्या मळ्यात. तिकडच्या बाया हसून हसून डोळे पुसत होत्या.

कण्या घालून अंबाडी, वर लसणाची फोडणी,
सविताच्या डब्याची म्यां चाखली गोडी.
बिल्ला एक, बाया साठ, कुनी जावं कवा?
बिल्ल्यासंगं दळली बाईनं सायबाची हवा.
पीठ झालं बिल्ल्याचं, गाडीत जाऊन बसलं,
आता पुसा गाडीवाल्याला, कुनाच्या बाचं असलं?

माझे हात शिवशिवले. मी वही काढली. त्याचं लक्ष गेलं. काय लिहिती, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बसच्या वेळा.

पुढच्या पत्रकावर ते गाणं मी चौकटीत छापलं. मी मूर्ख नाही असं मला वाटत होतं. नाव काढलं होतं. 'सविताच्या' जागी 'ताईच्या' केलं होतं. कंपनीचा उल्लेख नाही, लाइनचा नाही. सहा गेटांवर वाटलं, आमच्यासकट. एवढं चांगलं पत्रक मी आजवर काढलं नव्हतं. लोकांनी ते घडी घालून खिशात ठेवलं.

चहाच्या सुट्टीत सुपरवायझरबाईंनी ते वाचलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. याच बायांमधून वर गेलेल्या, चार वर्षं यांच्याच शेजारी बसून जेवलेल्या. पहिली ओळ वाचून त्या हसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, ही अंबाडी तर सविताची." आणि मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो. पण कंत्राटदाराचा माणूस तिथेच चहा पीत उभा होता.

वाळवलेली अंबाडी जालन्याहून मागवून, कण्या घालून, साठ जणींत एकटी सविता आणायची. मी नाव पुसलं आणि सही तशीच ठेवली. त्याची रीत माहीत असून. लिहिणाऱ्या माणसाला नाव म्हणजे माणूस वाटतं. भाजी मला शोभा वाटली.

दुसऱ्या दिवशी गेटवर सविताचं कार्ड लागेना. कंत्राटी माणसाला पत्र मिळत नाही, नोटीस मिळत नाही. कार्ड लावलं की लाल दिवा लागतो, एवढंच. तिनं चार वेळा लावून पाहिलं. साडीच्या पदरानं पुसून पाचव्यांदा लावलं. मामा दुसरीकडे बघत होते.

अकराव्या दिवशी तो आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. लिंबाखाली बसला, किंगरी मांडीवर घेतली, तार जुळवली. बायांनी डबे उघडले नाहीत. त्यांच्यात शेवंताबाई म्हणून एक वयानं मोठ्या होत्या, सगळ्यांच्या आधी त्याला भाकरी देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "पोरा, तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई रं. आमच्या डब्याकडं आता बघू नगंस." आणि पत्रक त्याच्या पुढ्यात टाकलं.

तो चौथीपर्यंत शिकलेला. ओळीखाली बोट धरून त्यानं वाचलं. वाचून मान वर केली आणि रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर उभी होते, हातात नव्या पत्रकांचा गठ्ठा. त्यानं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मी तरी बोलायला हवं होतं. अन्यायाविरुद्ध गप्प बसणं हाही अन्याय, असं वाक्य मी किमान वीस पत्रकांत लिहिलं आहे.

"गानं माझंच हाय," तो म्हणाला.

तीनचा भोंगा होईपर्यंत तो तिथे बसून राहिला. गायला नाही, पण उठूनही गेला नाही. बाया आत गेल्यावर किंगरी झोळीत घातली आणि निघाला. माझ्यासमोरून गेला तेव्हा मला वाटलं तो इंग्लंडातल्या पोराबद्दल विचारेल. त्यानं विचारलं नाही.

पुढच्या अकराव्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खालच्या मळ्यात नाही, चिंचेच्या पट्टीत नाही. त्याचा फोन अमावास्येला मी दिवसभर लावून पाहिला. बंद. मला सवय अशी लागली की रस्त्यावर कुणाचे सैल सेफ्टी शूज वाजले की मी वळून बघायचे. चाकणच्या रस्त्यावर सेफ्टी शूज सगळ्यांच्याच पायांत असतात. दिवसातून कितीदा वळले असेन त्याला गणती नाही. बातम्या येत होत्या, मोबाइलवर ढिगानं येत होत्या, ग्रुपवर ग्रुप होते. पण कोण कुठे जेवलं ते त्यात नव्हतं. आणि मला मी रचलेल्या त्या पोराचंही वाईट वाटायचं. त्याला मी बर्फात, एका बंद दरवाजासमोर उभा करून ठेवला होता, आणि आता पुढचं विचारणारंच कुणी नव्हतं.

शेवटी मी भोसरीला सविताकडे गेले. ती एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागली होती. चहा टाकता टाकता तिनंच विषय काढला, "तो किंगरी आलता की इथं."

कधी, मी विचारलं.

"कार्ड बंद झालं, त्याच्या दहा-बारा दिसांनी. घर हुडकीत हुडकीत आला, चालत. आत ये म्हणलं तर येईना. दारातच उभा राहिला आन म्हणला, बाई, तुमचं गाणं परत द्यायला आलोय."

त्याच्या घरची रीत होती म्हणे. गाण्यानं कुणाचं वाईट झालं तर ते त्या माणसासमोर शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे म्हणायचं, उलटं, आणि मग तार सैल सोडायची. ते गाणं पुन्हा नाही. सविताच्या दारात त्यानं ते तसं म्हटलं. गाडीपासून सुरू केलं, अंबाडीपाशी येऊन थांबला. शेजारणी बघत होत्या. सविताला रडू येत होतं आणि हसूही.

"मी म्हणलं, झालं गेलं, भाकरी खाऊन जा. तर म्हणला, न्हाई बाई, खाल्लं तर पुन्हा गावं लागंल." सवितानं गॅस बारीक केला. "पण त्यानं ते छापायला द्यायचं नव्हतं. भोळं लेकरू, कुणीतरी गोड बोलून काढून घेतलं असंल."

तिला माहीत नव्हतं. त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. त्यानं दिलं नव्हतं, मी चोरून लिहून घेतलं, नाव काढलं आणि भाजी ठेवली. चहा उतू गेला. तिनं सांडलेला पुसला, उरलेला दोन कपांत ओतला आणि एक माझ्यापुढे ठेवला. मी माफी मागायला लागले तसं तिनं हातानं थांबवलं.

"मला सांगून काय उपयोग? माझी नोकरी जायची ती गेली, दुसरी लागली. त्याची फेरी गेली ना. ज्या बाया त्याला बोलल्या त्यास्नी जाऊन सांग."

मी म्हटलं, पत्रक काढते. खुलासा छापते.

"न्हाई," सविता म्हणाली. "तोंडानं सांग."

किंगरी गुपित फोडतो ही बातमी एव्हाना त्याच्या सगळ्या गावांत पोचली होती, म्हणून मी छापखान्यात सुट्टी टाकली आणि अकरा गावं चालले. बसनं जायचा धीर झाला नाही. दोन कंपन्यांच्या मधून जाणाऱ्या पायवाटा मला ठाऊक नव्हत्या; लोकांना विचारलं, आंधळ्या विहिरीचं रान कुठे, आणि लोकांनी दाखवलं. गेटावर पाळी बदलायच्या वेळी उभी राहायचे आणि सांगायचे की किंगरीनं काही फोडलं नाही, मी फोडलं. ज्या तोंडानं इतकी वर्षं घोषणा दिल्या त्याला हे एक वाक्य जड जायचं. काही ठिकाणी लोक हसले. एके ठिकाणी एकानं विचारलं, "ताई, ह्याचं पत्रक नाही का?" चिंचेच्या पट्टीत दोन जणी माझ्यावर अशा तुटून पडल्या की सिक्युरिटीवाला मध्ये आला. खालच्या मळ्यात एक म्हातारा कामगार फक्त एवढंच म्हणाला, माझी पोरगी दहावीला पहिली आली तेव्हाचं गाणं मला कुणी ऐकवलंच नाही, ते तुझ्याकडं लिहिलेलं आहे का? नव्हतं. तेवढंच नेमकं मी लिहिलं नव्हतं.

अकराव्या दिवशी दगडाचं वावर. शेवंताबाई लिंबाखाली डबा सोडून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"म्हंजी आमी त्या लेकराला उगाच बोललो."

मी होय म्हटलं.

"आन तू तिथं उभी हुतीस."

त्यालाही मी होय म्हटलं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता त्याच्यापुढे टाकलेल्या पत्रकासारखं काहीतरी माझ्या तोंडावर येणार. पण त्या सरकून बसल्या आणि शेजारची जागा मोकळी केली. मी बसले. मग शेवंताबाईंच्या पलीकडची एक, जिच्याशी मी आजवर कधी बोलले नव्हते, तिनं विचारलं, "तुला भेटंल का त्यो?"

माहीत नाही, मी म्हटलं. शोधतेय.

"भेटला तर त्याला एक सांगायचंय. पर तू लिव्हनार आसशील तर न्हाई सांगत."

नाही लिहिणार, मी म्हटलं.

तिनं आधी माझ्या हातावर तिच्या डब्यातलं वाढलं. मी खाल्लं. मग तिनं सांगितलं. तीनचा भोंगा झाला तरी संपलं नव्हतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तेव्हापासून अशा पाच हकिकती झाल्या आहेत. दोन आमच्या गेटवरच्या, एक चिंचेच्या पट्टीतली, दोन खालच्या मळ्यातल्या. त्या त्याच्या आहेत, माझ्या नाहीत, म्हणून त्या काय आहेत ते मी इथे सांगणार नाही. रोज दुपारी पिंपरीहून चाकणच्या बसमध्ये बसले की पाचही मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून बघते. डबा, नाव, हकिकत. मला गाता येत नाही, ओळी जुळवता येत नाहीत, नुसत्या पाठ ठेवते. त्याच्या आईची वाडी घोड नदीच्या काठी कुठेशी आहे एवढं समजलं आहे. तिथे दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी पालं उठलेली होती. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्यानं सांगितलं, तो येऊन गेला, वर जुन्नरच्या अंगाला गेला, किंगरी घेऊन. किंगरी घेऊन, हे मी त्याला दोनदा विचारून घेतलं.

काल भोसरी ओलांडल्यावर पाचवीतलं एक नाव आठवेना. बाईचं नाही, तिच्या मुलीचं. कपाळ दाबून पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पहिल्यापासून दोनदा म्हटलं. नाव त्या जागी यायला हवं होतं आणि तिथे नुसती जागा होती. आता ते सापडलंच तर लगेच टिपून ठेवावं, निदान एवढं एक नाव, असं मनात आलं. वही मांडीवर होती, पेन तिच्यात अडकवलेलं होतं. मी वही पिशवीत घातली. कंडक्टरला विचारून खालच्या मळ्याच्या फाट्याला उतरले आणि त्या बाईला पुन्हा विचारायला चालत निघाले.